उरलेले चार ससे

उन्नतीने ते पत्रक पाहिले तेव्हा तिला आधी आपले चित्र ओळखू आले आणि मग संताप आला. सशाच्या गुडघ्याचा छेद, त्यात लाल रंगाने उजळलेली नवी कूर्चा, म्हणजे सांध्यातली मऊ गादी. तीन वर्षांपूर्वी प्रयोगशाळेत तिनेच टिपलेला. आता तो एका चकचकीत दवाखान्याच्या जाहिरातीत, ‘गुडघे पुन्हा तरुण’ या आश्वासनाखाली विराजमान झाला होता. विज्ञान लोकांपर्यंत पोचले पाहिजे, हे परिसंवादांतून ऐकून तिचे कान किटले होते. ते असे पोचले होते, आणि थेट भिलाईजवळच्या रिसालीतल्या तिच्या घरी, बाबांच्या हातात.

बाबांनी, शालिकरामांनी, भिलाईच्या पोलाद कारखान्यात छत्तीस वर्षे रूळ तपासले. रुळाचा सरळपणा डोळ्याने जोखायला उकिडवे बसावे लागे. रूळ सरळ निघाले, गुडघे गेले. उद्या सकाळी त्यांच्या कमरेच्या हाडातली मज्जा काढून, तिच्यातल्या स्टेम सेल एका जेलमध्ये कालवून, ते मिश्रण गुडघ्यात सोडले जाणार होते.

“बाबा, जाऊ नका.” बैठकीतून गॅलरीपर्यंतची तिची ही कितवी फेरी, तिलाच ठाऊक नव्हते.

“कावून? तुह्याच पेपरावर तं चालून राहिलं सारं. डॉक्टर म्हने, आपकी बेटी ने ही तो रास्ता बनाया.”

“तो सशाचा प्रयोग हाय. माणसावर अभी तक काहीच सिद्ध नाही झालं.”

“सशाले गुडघे नसते का?”

“तुमच्यापेक्षा ससा बरा,” आई, कांता, स्वयंपाकघरातून म्हणाली, “चूप तरी बसते.”

सशाचा सांधा लहान, प्रयोगाचा काळ तोकडा, जेलचे पुढे काय होते ते अज्ञात. उन्नती खरे तेच सांगत होती आणि त्याचा काडीचा उपयोग होत नव्हता. शालिकरामांनी लेकीचा शोधनिबंध शब्दकोश घेऊन, पेन्सिलीच्या खुणा करत वाचला होता. एवढ्या निष्ठेने तो परीक्षकांनीही वाचला नसावा.

“ह्याच्यात आठ ससे हायेत,” ते एका खुणेवर बोट ठेवून म्हणाले. “तू तं फोनवर बारा सांगत होती. बारा पिंजरे, रविवारीही दाना टाकाले जावं लागते म्हने. बाकीचे चार?”

ती थांबली. ‘दुसऱ्या प्रयोगाचे होते’ हे उत्तर तिच्या मार्गदर्शक सरांनी तिला केव्हाच शिकवून ठेवले होते. पुढच्या महिन्यात पीएचडीची तोंडी परीक्षा होती, आणि सारा प्रबंध त्या आठ सशांच्या पाठीवर उभा होता. ते उत्तर दिले की पदवी तिची. आणि उद्याची सुई बाबांची.

“त्या चौघाइच्या सांध्यात कूर्चा नाही, हाड वाढलं,” ती म्हणाली. “पाय वाकेना त्यांचा. सर म्हणाले, आठच ठेवू.”

“अन् तू?”

“ठेवले.”

शालिकरामांनी निबंध मिटला. “नापास रुळाच्या टोकाले आम्ही लाल रंग मारत होतो,” ते म्हणाले. “त्याच्यावरून गाडी जाऊ नये म्हनून. तुवा तं लाल रंग पास झालेल्यालेच मारला.”

त्यांनी दवाखान्याला फोन लावला. “मॅडम, वो बाकी के चार खरगोश कहाँ गए?”

“अंकलजी, हमारे यहाँ जानवरों का इलाज नहीं होता.”

“तो मेरा भी मत करो. कल का मेरा नंबर काट दो.”

मग उन्नतीचा फोन उचलून त्यांनी तिच्यासमोर धरला. “आता तुह्या सरले लाव.”

“बाबा, सारं नव्यानं लिहावं लागेल. डिग्री...”

“मी तरी आरामात बसून थोडीच बोलून राहिलो?” ते खरोखरच टेबलाचा कोपरा धरून उठले होते, दोन्ही गुडघे कापत होते, तरी ते बसायचे नाव घेत नव्हते.

तिने नंबर लावला. पलीकडे घंटी वाजू लागली. स्वयंपाकघरात आईने कधी नव्हे तो चालता मिक्सर मध्येच बंद केला.

“हां, उन्नती, बोलो,” सर म्हणाले.

“सर,” तिने बाबांच्या थरथरत्या पायांवरची नजर काढली नाही, “वो चार खरगोश मैं थीसिस में वापस लिख रही हूँ.”