निळा खडू

"तोंड उघड गं," असे कोकराला म्हणत धाकटीने अंगठ्याने त्याचा ओठ दुमडला, आणि कुंपणाला टेकलेल्या थोरलीचाच जबडा आवळला गेला.

बावीस वर्षे हे काम तिचे होते. म्हाताऱ्या मेंढ्यांच्या जागी कोणती मादी कोकरे राखायची आणि कोणती व्यापाऱ्याच्या गाडीत चढवायची, हे ती ठरवी. राखलेलीच्या पाठीवर निळ्या खडूची रेघ ओढी. आज सकाळी आबांनी, नजर गेल्यापासून हवा चाचपणाऱ्या हाताने, तो खडू धाकटीला दिला. सात वर्षे दूर राहून नुकती परतलेल्या धाकटीला! कारण थोरलीला ठाऊक होते. मागल्या खेपेला तिने सगळी थोराड कोकरे राखली होती. ती थोराड होती, कारण एकेकटी जन्मून दोघांच्या वाटचे दूध प्यायली होती. पुढे त्यांनाही एकेकच पिल्लू झाले, आणि कळप रोडावला.

"ताई, ही बघ. बारीक आहे, पण जुळ्यातली. आईनं दोघींना पोसलंय."

"मला शिकव आता. मेंढीचं तोंड कुठलं नि शेपूट कुठलं, हे मी दाखवलं होतं तुला."

"म्हणून तर विचारतेय."

"विचारत नाहीयेस. ऐकवतेयस."

धाकटी हसली. आबांसारखी, एकाच गालात. तेही तिच्याच वाट्याला आले होते.

इतक्यात 'बाटली' धावत आली आणि थोरलीची बाही चोखू लागली. आईने जवळ न घेता टाकलेले हे कोकरू थोरलीने बाटलीने दूध पाजून जगवले होते. धाकटीने तिचे दात पाहिले, खूर पाहिले. रेघ मात्र ओढली नाही.

"हिच्यात काय खोट काढलीस?"

"हिच्यात नाही. हिच्या आईनं दोनदा पिल्लू टाकलं. हीपण टाकेल. लळा लागलेलं राखू नये, हे तूच सांगायचीस ना?"

खडू भिंतीवर ठेवून धाकटी गाडीवाल्याला हाक मारायला गेली. थोरलीने खडू उचलला. एकच रेघ, ठसठशीत. बाटली निमूट उभी राहिली. कळपाकडे पाठ, थोरलीकडे तोंड. हिची आईही अशीच देखणी होती. पहिले पिल्लू तिने टाकले, तरी थोरलीच्याने तिला कळपातून काढवले नाही. मग दुसरे, हीच बाटली, ओल्या गवतात थरथरणारी, आणि पलीकडे पाठ फिरवून शांतपणे चरणारी आई.

थोरली तळहाताने रेघ पुसू लागली. लोकरीच्या तेलकटपणात निळाई नुसतीच पसरत गेली.

"राहू दे की, ताई," मागून धाकटी हळूच म्हणाली. "एकीनं काय होतंय?"

ही दया त्या हसण्यापेक्षा झोंबली.

"कळप आहे हा. माझे लाड पुरवायची जागा नाही."

गाडीच्या फळीवर चढवताना इतर कोकरांना ढकलावे लागले. बाटलीला नाही. थोरली पुढे चालली, ती मागून आली.

आबा दारातल्या बाकावर बसले होते.

"झाली निवड?"

"झाली."

"कुठं चुकली का ती?"

"नाही, आबा. कुठंच नाही."

आणि आबांना दिसणार नाही हे पुरते ठाऊक असूनही तिने आपला निळा तळहात पाठीमागे लपवला.