फोनच्या आडून

"नीतू, ये!"

ज्योत्सनाने फोन तोंडासमोर धरला होता. अंगणात चिखल कालवणारी पोर थबकली, फोनकडे पाहिलं आणि तुरुतुरु येऊन आईच्या हातातले फुटाणे तोंडात टाकले.

"आली वं माय, आली!" ज्योत्सना ओरडलीच.

सहा वर्षांची नीतू बोलत नव्हती, हाकेला ओ देत नव्हती. डॉक्टरांनी ती स्वमग्न असल्याचं सांगितलं, तेव्हापासून अशा मुलांना शिकवणाऱ्या भंडाऱ्याच्या हर्षा मॅडम व्हिडिओ पाठवून ज्योत्सनाला शिकवत होत्या. हाक एकदाच मारायची, थांबायचं, आली की लगेच खाऊ द्यायचा, आणि ते सगळं टिपून पाठवायचं. पण टिपणार कोण? सासूला, बायाबाईला, फोन धरता येत नव्हता. मग ज्योत्सनाच एका हातात फोन, दुसऱ्यात फुटाणे घेऊन बसायची.

हा सगळा खटाटोप घरामागच्या तलावापायी होता. मासे धरणाऱ्या ढिवरांचं घर, पाण्यावरच पोट; पण या पोरीला पाण्याचं भलतंच वेड. मागे धावलं की तिला खेळ वाटायचा, ती पुढेच पळायची. आणि पुढे गाळ काढलेला खोल खड्डा होता. तिला हाकेनंच माघारी आणायचं, दुसरा इलाज नव्हता.

व्हिडिओ पाठवल्यावर थोड्या वेळाने फोनवर मॅडमचा आवाज आला. "छान, ताई! पण तुमचा चेहरा फोनमागे जातोय. ती तुमच्याकडे येतेय की फोनकडे? आज फोन बाजूला ठेवून हाक मारून बघा."

घ्या! एवढी पोर आली, तरी हिचं आपलं 'पण' आहेच!

तिचा नवरा हेमराज सायकलला मासळीची टोपली बांधत होता. "दे वं फोन. सानगडीचा बाजार आहे, उशीर होऊन राहिला."

"मॅडम काय म्हनते, ऐकलं का?"

"येते ना आता हाकेवर? मंग कायले भेतं?"

फोन त्याच्या खिशात गेला. बिनफोनची हाक मारून बघायची ज्योत्सनाची छाती होईना. नाहीच आली तर?

दुपारी भात उतरवून ती बाहेर आली, तर अंगण रिकामं. बायाबाई ओट्यावर पेंगत होती.

"आई, नीतू कुठी आहे?"

"आत्ता तं होती इथंच!"

ज्योत्सना धावतच तलावाच्या बांधावर, पाळीवर चढली. नीतू कमरेइतक्या पाण्यात उभी राहून तळव्यांनी पाणी थोपटत होती. खड्डा तिच्या पुढ्यातच होता.

"नीतू, ये!"

नीतूने वळून पाहिलं. आईचं तोंड नीट, अगदी नीट पाहिलं आणि पुन्हा पाण्याकडे वळून एक पाऊल पुढे टाकलं.

मॅडमचं खरं होतं, पोर फोनकडेच यायची.

"अवं, धाव ना! उभी काहून राहिली?" मागून बायाबाई ओरडली.

पाय धावायला आसुसले होते. पण ज्योत्सना खाली वाकली, पाळीवर पडलेला कवेलूचा, कौलाचा फोनएवढा तुकडा उचलून फोनसारखा तोंडासमोर धरला. दुसऱ्या हाताने पदराची गाठ सोडून फुटाणे घेतले.

"नीतू, ये."

एकदाच. आता थांबायचं. डोळ्यांपुढे कवेलूच्या लाल मातीशिवाय काही नव्हतं. पाणी डुबुक डुबुक वाजत होतं. पोर इकडे येत होती की तिकडे जात होती, काही कळेना. मग तो आवाजही थांबला.

थंड, ओली बोटं तिच्या तळव्यातले फुटाणे चाचपू लागली. तिने मनगट गच्च पकडलं.

"आली वं, बाई! ठेव आता खाली ते," बायाबाई रडत म्हणाली.

ज्योत्सनाने ठेवलं नाही. नुसतं तोंड दिसलं आणि पोर पुन्हा पाण्याकडे वळली तर? पायाने वाट चाचपत ती घरापर्यंत तशीच चालली, एका हातात पोरीचं मनगट आणि दुसऱ्या हातात तोंडासमोर धरलेलं कवेलू.