भांडारातली बोंब

सासऱ्यांच्या तोंडी कायम एकच शब्द: बोंब. डबा रिकामा झाला की साखरेची बोंब, नळ गेला की पाण्याची बोंब. अणुभट्टीच्या भांडारात ते भांडारपाल होते, आणि तिथे कशाची बोंब नव्हती तेवढंच विचारावं.

अण्वस्त्रं पसरू नयेत म्हणून देशोदेशी हिंडणारं तपासणी पथक तिथे आलं, तेव्हा दुभाषी म्हणून नेमकी त्यांची सूनच होती. नोकरीचा पहिला दिवस. कानात यंत्र.

"भांडारात काय ठेवलंय?" पथकप्रमुखांनी विचारलं.

सासरे आधीच वैतागलेले. "काय असणार? बोंब!"

यंत्रात खरखर झाली. तिने 'बाँब' ऐकलं आणि तसंच भाषांतर करून टाकलं. चूक ध्यानात येईपर्यंत पथकप्रमुख ताडकन उभे राहिले होते. खरं सांगावं तर नोकरी जाणार, म्हणून ती गप्प बसली.

सासऱ्यांना भांडारातच कोंडलं. बाँब आमच्या हवाली करा, आम्ही तो सगळ्यांसमोर मोडतो, मग म्हातारा घरी जाईल, असा हुकूम निघाला. कपाटं उपसली, फरशा उखडल्या, हाती काही लागेना.

"इतका छान लपवलाय, म्हणजे मोठाच असणार," पथकप्रमुख म्हणाले.

अणुभट्टीच्या संचालकांनी हात टेकले. मिस्त्रीला बोलावून म्हणाले, "एक बनवा आणि द्या यांच्या हातात. मिटवा एकदाचं!"

मिस्त्रीने डोकं खाजवलं. "बनवला असता साहेब, पण स्क्रूंची बोंब आहे."

हा शब्द एव्हाना पथकप्रमुखांना पाठ झाला होता. दुभाषीची वाट न पाहता ते ओरडले, "दुसरा!"

जाळीच्या दाराआडून सासरे केविलवाणे बघत होते. लग्नानंतर हिने शिकायचंच, असा हट्ट याच माणसाने धरला होता. परक्या भाषेची पुस्तकंही त्यांनीच आणून दिली होती. तिला स्वतःची लाज वाटली. तिने कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं.

"चूक माझी आहे. तो बाँब नाही, बोंब आहे."

"बोंब म्हणजे?"

त्यांच्या भाषेत त्याला शब्दच नव्हता. शेवटी तिने तोंडावर उलटा हात धरला आणि जीव खाऊन बोंब ठोकली. जाळीआडून सासऱ्यांनीही तितकीच जोरात ठोकली.

पथकप्रमुखांनी कानांवरचे हात काढले. "पल्ला किती?"

तिने विचारून सांगितलं, "शेजारपाजारापर्यंत."

"निकामी कशी करतात?"

"माल आला की आपोआप होते म्हणतात."

पथकाने अख्खा करार चाळला. बोंबेवर बंदी कुठेच नव्हती. सासरे सुटले आणि सुनेचं ओळखपत्र तिथल्या तिथे काढून घेतलं गेलं.

फाटकाबाहेर आल्यावर सासऱ्यांनी विचारलं, "पोरी, नोकरीचं काय गं आता?"

"बोंब!" ती म्हणाली.

सासऱ्यांनी दचकून मागे पाहिलं आणि ते तिचा हात धरून भराभर चालू लागले. "हळू बोल, बाई. ऐकतील."