पुढच्या डाव्याचं कार्ड

खट्. दाराची कडी सरकली आणि दुपारभर जपलेली शांतता मोडली. माझ्या हातातली कात्री कार्डाच्या कोपऱ्यावरच थांबली. आतल्या खोलीत लेक झोपली होती. तिनं कूस बदलली, काहीतरी पुटपुटली, पण उठली नाही.

दारात नवरा उभा होता. खांद्याला बॅग, पायांत नुसते मोजे. शर्यतीहून परत येताना हा माणूस जिन्यातूनच आरोळी ठोकतो, "आलो रे आलो, पाणी तापवा!" शेजारच्या आजी त्यावरून नेहमी टोमणे मारतात. आज एक शब्द नाही.

"कितवे?" मी हळूच विचारलं.

"नववे."

"अरे, काल संध्याकाळी तर दुसरे होतात! मी फोनवर बघत होते. मग हिला भरवायला बसले आणि..."

"तीन मिनिटं उभं केलं आम्हाला. शिक्षा." तो भिंतीला टेकून खालीच बसला. उजवा हात मांडीवर पालथा टाकला, दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा. "हात गेला गं. नळी लागलेली होती अजून. आणि माझा हात गेला."

मला पुढचं काही विचारावं लागलं नाही. पण ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांना सांगायला हवं.

माझा नवरा हवेच्या गननं नट सोडवून शर्यतीच्या गाड्यांची चाकं बदलतो. चारही नाही, एकच. पुढचं डावं. टीममध्ये त्याला नावानं कुणी हाक मारत नाही, तो नुसता 'पुढचा डावा'. तसाच एक मागचा उजवा आहे, पेट्रोल भरणारा नळीवाला आहे. त्यांची स्वतःची गाडी नाही. ज्या मालकाला माणसं लागतील त्याच्याकडे ही टीम जाते, त्यामुळे आज या प्रकारची शर्यत तर पुढच्या रविवारी भलतीच. आणि गाडी चाकं-पेट्रोलासाठी पिटमध्ये, म्हणजे वाटेच्या कडेला टीमपाशी आली की काय चालतं आणि काय नाही, याचा कायदा प्रत्येकीचा निराळा. एका शर्यतीत मध्ये पेट्रोल भरायचंच नाही. वीस माणसं एकदम गाडीवर तुटून पडतात आणि मी 'एक, दोन, तीन' म्हणेपर्यंत गाडी गेलेली असते. गोल वाटेवरच्या शर्यतीत भिंतीवरून उडी मारून पाचच जण जाऊ शकतात, पण पेट्रोल आणि चाकं दोन्ही एकाच वेळी चालतं. रॅलीत वाटेत गाडी बसली तर चालवणारा आणि त्याच्या शेजारचा, दोघांनीच काय ते करायचं. टीमनं लांबून हात चोळायचे. मोटारसायकलींचं तर आणखी वेगळं. पाऊस आला की स्वार आत येतो, एका गाडीवरून उतरतो, शेजारी तयार ठेवलेल्या दुसऱ्या गाडीवर बसतो आणि जातो.

आणि ही या खेपेची, दिवसभर चालणारी. तिच्यात आधी इंजीन बंद, मग पेट्रोल. नळी निघेपर्यंत चाकाला कुणी बोट लावायचं नाही. लावलं की शिक्षा.

नियमांची पुस्तकं दोन-दोनशे पानांची असतात. ती कुणी वाचत नाही, आणि वाचली तरी डोक्यावर हेल्मेट चढलं की आठवत नाहीत. म्हणून मी कार्डं करते. आधी त्यांच्या वर्कशॉपच्या ऑफिसात होते. लेक पोटात असताना घरी बसले, तेव्हा कार्डं माझ्यासोबत घरी आली. प्रत्येकाचं कार्ड वेगळं. नळीवाल्याला चाकाशी काय करायचंय? ज्याच्या दोन हातांना जेवढं लागतं तेवढंच त्याच्या कार्डावर. हिरवा हात म्हणजे लाव, लाल हात म्हणजे लावू नकोस. कार्ड मनगटावरच्या खिशात बसतं, म्हणून कोपरे गोल कापायचे, नाहीतर टोचतात. लेक दुपारी दीड तास झोपते, त्या दीड तासात मी हे करते. कधी ती अर्ध्या तासात उठते, मग तिला मांडीवर घेऊन. चार वर्षांत एकाही कार्डात चूक झाली नाही. फुशारकी म्हणून सांगत नाही. मिरवायला माझ्याकडे दुसरं काही नाही, म्हणून सांगते.

"मागचे दोन रविवार गोल वाटेवर गेलात ना," मी त्याच्याजवळ बसत म्हटलं. "हाताला तीच सवय लागली. नळी आणि चाकं एकदम."

"कार्ड मनगटावरच होतं गं. लाल हात. मी बघितलासुद्धा. पण गाडी थांबली आणि गन कधी नटावर टेकली, कळलंच नाही."

मी पातेल्यात पाणी गरम केलं, त्याचा हात त्यात धरला. हवेच्या त्या गननं त्याची बोटं आखडतात, एकेक करून सोडवावी लागतात. सोडवता सोडवता तो रडला. लग्नानंतर दुसऱ्यांदा. 'माझीच चूक, माझीच चूक,' एवढंच म्हणत होता. मला तो त्या दुपारी फार माझा वाटला.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला काका आले. काका म्हणजे टीमचे चीफ. वीस वर्षं याच कामात. मला ऑफिसात त्यांनीच लावलं होतं. हातात बिस्किटांचा पुडा होता. लेकीनं तो घेतला आणि विचारलं, "आजोबा, शिट्टी आणली?"

"आजोबा कुणाला म्हणतेस गं? सगळे दात आहेत अजून माझे!" काकांनी तोंड उघडून दाखवलं. ती खिदळत आत पळाली.

नवरा उठून खिडकीशी गेला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी.

काकांनी चहा संपवला, कप ठेवला आणि शर्टाच्या खिशातून घडी केलेला कागद काढला.

"पोरी, एक सही हवी होती तुझी."

"कशावर?"

"वाच तू. छोटंसंच आहे."

टाइप केलेल्या चार ओळी होत्या. 'पुढच्या डाव्या चाकाच्या कार्डाची चीफनी तपासणी केल्यानंतर, घरकामाच्या आणि लहान मुलीच्या गडबडीत माझ्याकडून त्यावरील खूण बदलली गेली. लाल हाताच्या जागी हिरवा हात छापला गेला. या चुकीची जबाबदारी माझी आहे.' खाली माझं नाव आणि सहीसाठी रेघ.

मी पुन्हा वाचलं. वाटलं, आपल्यालाच काही समजत नाहीये.

"काका, हे खोटं आहे."

"अगं, खोटं-खरं नंतर बघू. मालकांनी लेखी मागितलंय. हाताची चूक असेल तर हात बदला म्हणाले. तुझा नवरा घरी बसेल पोरी."

"आणि कार्डाची चूक असेल तर?"

"कार्डं काय, कुणीही करेल. असा हात पुन्हा नाही मिळायचा."

"कुणीही करेल तर चार वर्षं माझ्याकडे का येत होतात? प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात तुमची सही असते. तुम्ही बघितलं होतंत. लाल होता."

"म्हणून तर 'तपासणीनंतर' लिहिलंय," ते अगदी समजावणीच्या सुरात म्हणाले. ऑफिसात पहिल्या आठवड्यात फायली कशा लावायच्या ते याच सुरात शिकवलं होतं त्यांनी मला.

"आणि कार्ड कुठे आहे ते?"

काकांनी खिडकीकडे बघितलं. नवऱ्यानं पाठ न वळवता सांगितलं, "फाडलं."

कागद माझ्या हातात होता. पहिल्या ओळीवरच माझी नजर अडकून राहिली होती.

"हे गडबडीचं कुणी लिहिलं? घरकामाच्या आणि लहान मुलीच्या?"

काका चहा प्यायला लागले. कप रिकामा होता.

"काका, तुम्हाला काय माहीत माझ्या घरात गडबड असते की नसते? हे तुमचं वाक्य नाही."

"मी सांगितलं, काल रात्री फोनवर," नवरा म्हणाला. "खरं वाटायला हवं ना. असंच बिनकारण कोण चुकतं?"

लेक आत बिस्किटं मोजत होती. चारानंतर सहा म्हणत होती.

तो आता वळला. "अगं, तुझं काय जाणारे? तू घरीच असतेस. मला दुसरं काय येतं सांग. अकरा वर्षं एकच नट सोडवतोय मी."

"मला दुसरं काय येतं?"

त्याला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मला त्याचा राग यायच्या आधी त्याचंच वाईट वाटलं, आणि मग त्याचा राग आला.

मी पेन घेतलं. काकांनी टेबलावरचा कप बाजूला केला, मला जागा करून दिली. मी त्या चार ओळींवर तिरकी रेघ मारली. खाली लिहिलं, 'पुढच्या डाव्याचं कार्ड बरोबर होतं.' त्याखाली सही केली, तारीख घातली.

"असं कसं देऊ मी हे मालकांना?" काका म्हणाले.

"द्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मला माहीत होतं ते मी लिहिलं."

त्यांनी कागदाची घडी पूर्वीच्याच खुणांवर घातली. जाताना लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही.

चार दिवस फोन आला नाही. मी पुढच्या शर्यतीची कार्डं कापून ठेवली होती, ती न्यायलाही कुणी आलं नाही. नवरा रोज वर्कशॉपला जात होता. मला वाटलं, म्हणजे कागद पोचला. मालकांनी त्याला ओरडून का होईना, ठेवून घेतलं. माणूस किती भाबडा असतो. मी मनातल्या मनात काकांना माफसुद्धा करून टाकलं होतं.

पाचव्या दिवशी मागच्या उजव्याचा फोन आला. साधा मुलगा आहे, पोटात काही ठेवता येत नाही त्याला.

"वहिनी, वाईट वाटून घेऊ नका हं. चूक कुणाकडूनही होते."

"कसली चूक?"

"कार्डाची. काकांनी सगळ्यांसमोर सांगितलं ना, तुम्ही स्वतःहून मान्य केलंत म्हणून. मालक म्हणाले, बाई मनानं मोठी आहे. आता कार्डं बाहेर छापायला दिलीत. पण वहिनी, तुमच्यासारखी नाहीत हो. सगळ्यांचं एकच, अक्षरं मुंगीएवढी."

"काका बोलत होते तेव्हा हा कुठे होता?"

"पुढचा डावा? तिथेच की. माझ्या शेजारीच उभा होता."

मी बरं म्हटलं. त्याच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली. फोन ठेवला, आणि दीड तास लेक झोपलेली असताना टेबलापाशी नुसती बसून राहिले. कापलेली कार्डं समोर होती. सगळ्यांत वर त्याचंच.

संध्याकाळी मी त्याला एकदाच विचारलं. "कागद दिला नाही काकांनी. तुला माहीत होतं?"

"मी देऊ नका म्हटलं नव्हतं."

"द्या म्हणालास?"

त्यानं ताटातली भाजी इकडून तिकडे केली. त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलले नाही. भांडले नाही, माहेरीही गेले नाही. जे सांगायचं ते लेकीतर्फे. 'बाबाला सांग, वाढलंय.' 'बाबाला विचार, मोजे धुवायचेत का.' ती बिचारी स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यात टपाल वाटत हिंडायची, आणि तिला त्याची मोठी मौज वाटायची. कधी कधी वाटेत निरोप विसरायची आणि स्वतःचंच काहीतरी सांगायची. "आई म्हणते, मला चॉकलेट आण."

पुढच्या शनिवारी ते शर्यतीला निघाले. पुन्हा दिवसभराचीच. सकाळी मी लेकीची वेणी घालत होते. नवरा बॅग घेऊन दाराशी गेला, बूट चढवले आणि तिथेच घोटाळला. मनगटावरच्या खिशातून नवं कार्ड काढलं, उजेडाकडे धरलं. मागून पुढून बघितलं. अक्षरं खरंच मुंगीएवढी होती. कोपरेही कापले नव्हते. मनगटावर लाल ओरखडा उठला होता.

"अगं," तो म्हणाला. लेकीतर्फे नाही, मलाच. "आज ती दुसऱ्या गटाची गाडी आहे. तिच्यात... नळी आधी, की दोन्ही एकदम चालतं? यात लिहिलंय, पण कळत नाही."

माझ्या हातात वेणीचे तीन पेड होते. मी ते सोडले नाहीत. वरही बघितलं नाही.

"आधी इंजीन बंद," मी म्हटलं. "मग नळी. नळी निघून नळीवाला दोन पावलं मागे गेला, की मग तू. चाकाला दोघंच, आणि गन एकच. नळीवाला मागे जाईपर्यंत हात पाठीमागे बांधून ठेव. उडालेला एक थेंबसुद्धा पेट घेतो."

त्यानं मान हलवली. ओठ हलवत एकदा सगळं मनात म्हटलं. काहीतरी बोलणार होता, पण खालून हॉर्न वाजला, आणि तो गेला. जिन्यातली पावलं ऐकू येईनाशी होईपर्यंत मी वेणी तशीच धरून बसले होते.

लेकीनं अर्धी मान वळवली. पेड माझ्या बोटांतून सुटले.

"आई, तुझी बाबाशी कट्टी आहे ना?"

"हं. पुढे बघ, वेणी वाकडी होईल."

तिनं पुढे बघितलं नाही.

"मग त्याला का सांगितलंस?"