दगूबाईचं अंदमान

नंदुरबारात मिरची वाळवणाऱ्या माणसाला अंदमानविषयी काही सांगायला जाऊ नये. त्याला सगळं ठाऊक असतं. दरसाल दिवाळीच्या आगेमागे अंदमानजवळ कमी दाबाचा पट्टा तयार होतो, त्याचं वादळ होतं, वादळाला नाव मिळतं, आणि चार दिवसांत इथे, इतक्या लांब, लोटन पाटलाच्या पथारीवर ढग येतात. पथारी म्हणजे मिरची वाळत घालायचं मोकळं मैदान. तिथे पसरलेला माल एकदा भिजला की काळा पडतो. त्यामुळे लोटनच्या लेखी अंदमान म्हणजे बांधावरून दावा लावलेला भाऊबंद होता.

आणि त्याच्या बायकोला, दगूबाईला, नेमकं तिथेच जायचं होतं. तेही समुद्राच्या तळाशी जाऊन बसायला.

हे खूळ शिरलं लोटनच्याच फोनमधून. वादळांचे नकाशे बघता बघता तो फोन खाटेवर विसरून गेला आणि नकाशानंतर आपोआप भलतंच काही सुरू झालं. वयानं दगूबाईएवढीच एक बाई, पाठीवर नळकांडं, डोळ्यांवर मोठी काच, समुद्राच्या तळाशी मांडी घालून बसलेली. माशांचा थवा आला, गेला. बाई खोकली नाही. दगूबाईनं ते अकरा वेळा पाहिलं आणि बाई अकराही वेळा खोकली नाही.

यात पाहण्यासारखं काय, असं ज्याला वाटेल त्यानं एक दिवस पथारीवर बसून मिरचीचे देठ खुडावेत. लग्न होऊन आली आणि पथारीवर पाऊल ठेवलं त्या दिवशी दगूबाईला पहिला ठसका लागला. तीस वर्षं झाली, तो अजून पुरता बसला नव्हता. ती स्वयंपाकात खोकायची, भजनात खोकायची. सख्ख्या भाचीच्या मंगलाष्टकांना तिला मांडवाबाहेर जाऊन उभं राहावं लागलं होतं. पाण्याखाली धूळ नसते, ही साधी गोष्ट तिला छपन्नाव्या वर्षी सुचली, आणि आजवर सुचली नाही म्हणून तिला स्वतःचाच भयंकर राग आला.

“अंदमान?” लोटन म्हणाला. “दुश्मननं गाव शे ते! चोरना घर पाव्हना म्हनीसन जानं का?”

“जानं,” दगूबाई म्हणाली. “एकदाव देखी तर लेवूत कसं शे ते.”

लोटननं नाही म्हटलं नाही. तो इतका भोळा नव्हता. त्यानं मान डोलावली आणि म्हणाला, “वादयना मोसम सरू दे, मंग देखसूत.” मोसम सरला की नाही हे ठरवणार कोण, तर अख्ख्या बाजारात वादळांचा जाणकार म्हणून ओळखला जाणारा लोटनच.

मग काय, नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. स्टेशन रोडवर सहलींचं दुकान चालवणाऱ्या आकिबनं पाच डिसेंबरची तिकिटं काढायला घेतली, तर लोटनला श्रीलंकेच्या खाली एक ढग दिसला. वीस डिसेंबर ठरली, तर ढग वळला. पुढे ढग विरला, तेव्हा लोटन म्हणाला, विरलेल्या ढगाचा काही भरवसा नसतो. आकिबनं तिसऱ्यांदा तारीख खोडली आणि हळूच विचारलं, “काकू, काकांना पाठवायचं नसेल तर तसं सांगा ना.”

“मिरची सोडवत नही त्यास्ले,” दगूबाई म्हणाली. तिला खरंच तसं वाटत होतं.

त्यात अंदमानहून अर्ज आला. पाण्याखाली उतरणाऱ्याला जुनाट खोकला नाही, असं डॉक्टरांनी लिहून द्यायचं होतं. दगूबाई डॉक्टर महजबीन यांच्याकडे गेली. डॉक्टरांनी प्रश्न वाचला आणि त्या स्वतःच दोन मिनिटं खोकल्या.

“या मोसमात इथं खोकत नाही तो माणूस परगावचा,” त्या डोळे पुसत म्हणाल्या. “आठ दिवस मिरचीपासून लांब राहा. खोकला थांबला तर सही करते. नाही थांबला तर समुद्र विसरा.”

दगूबाई त्याच दिवशी पिशवी घेऊन रनाळ्याला, भावाकडे, दोधूकडे गेली. आता सगळं त्या आठ दिवसांवर होतं. पहिल्या रात्री ती खोकली. दुसऱ्या दिवशी थोडी. तिसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यात उभी असताना तिच्या लक्षात आलं की आपण मघापासून नुसता श्वास घेतोय. ती इतकी हरखली की दोधूच्या म्हशीशीच बोलत बसली.

चौथ्या दिवशी लोटन हजर. दाढी वाढलेली, डोळे लाल, झोप झाल्याचं एकही लक्षण नाही. एक नवा पट्टा तयार होतोय म्हणून रात्र रात्र जागतोय, असं त्यानं आपणहून सांगितलं. पण हातात पाण्याखाली लावायची ती काच होती. आकिबनं सरावाला दिली होती.

“तपाशी लयनू,” तो अभिमानानं म्हणाला. तपासली होती ती हारुनच्या कांडपावर. मिरची कुटण्याचं यंत्र चालू ठेवून, दारं लावून, लोटन आणि हारुन आळीपाळीनं ती काच लावून आत बसले होते. जिथे तिखटाची पूड शिरत नाही तिथे पाणी काय शिरणार, असा दोघा जाणत्यांचा हिशेब. काच पास झाली. मग हारुननं ती आपल्या खांद्यावरच्या रुमालानं आतून स्वच्छ पुसली. कांडपवाल्याच्या रुमालात काय असतं, हे दोघांपैकी एकालाही आठवलं नाही.

दुपारी दोधूच्या पायऱ्यांच्या विहिरीवर सराव ठरला. दगूबाई याच विहिरीत पोहायला शिकली होती. तिनं साडी खोचली, काच लावली, कमरेइतक्या पाण्यात गेली आणि “माय वं!” करून किंचाळली. पाण्याचा थेंब आत शिरला नव्हता. काच आतूनच डोळ्यांच्या पाण्यानं भरत होती.

तिनं ती ओरबाडून फेकली, नवऱ्याला आणि हारुनला एकाच दमात शिव्या घातल्या, आणि चिडून तशीच खाली बुडी मारली.

खाली हिरवं होतं. गार होतं. तिनं पायरीचा दगड धरला आणि बसली. चुळबुळ करणारा घसा गप्प होता. तीस वर्षांत असं निवांत तिला कुणी बसू दिलं नव्हतं, तिच्या स्वतःच्या छातीनंसुद्धा नाही. तिला रडू आलं आणि पाण्यात ते कुणाला कळणार नव्हतं, म्हणून ती रडलीही.

तेवढ्यात वरून काहीतरी धप्पकन आलं.

तो लोटन होता. चपलांसकट, फोनसकट. त्याला पोहता येत नाही हे सगळ्या रनाळ्याला माहीत होतं. दगूबाईनं त्याची कॉलर धरली, दोधूनं वरून दोर टाकला, आणि अर्धी विहीर पिऊन लोटन पायरीवर आला. फोन तळाशी गेला, सगळ्या वादळांसकट.

“पोहता येत नही, आनि उडी कसाले मारी?” दगूबाई ओरडली.

लोटननं तोंडावरचं पाणी निपटलं. “तुन्हा आवाजच उना नही,” तो म्हणाला. “तीस वरीस मी मांगे फिरीसन देखत नही. खोकला उना म्हंजे तू शे. तू रनाळाले उनी तधयपासून माले झोप नही. आनि तू तठे, समुद्रना खाले जाशी... मी वर बठीसन काय आयकू?”

 दगूबाईला वाटलं होतं, आडवी येतेय ती मिरची. तिला त्याची दया आली, मायाही दाटून आली, आणि मग तीस वर्षांचा राग त्या मायेच्या डोक्यावर चढून बसला.

“मंग इतला वरीस त्या खोकलानी दवा काबरं नही करी?”

लोटन शर्टाची बाही पिळू लागला.  दोधू उगाच दोर गुंडाळत राहिला.

“मी जासू,” दगूबाई म्हणाली. “वीस जानेवारीले. तुम्हले यानं व्हई तर पोहता येवाले जोयजे. अर्जमा लिखेल शे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी रनाळ्यातली निम्मी माणसं विहिरीच्या कठड्यावर जमली. साठीचा लोटन पाटील पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधून पाण्यात पाय झाडत होता. दगूबाई पायरीवर उभी राहून त्याला हनुवटीला धरून फिरवत होती.

इतक्यात दोधूचा फोन वाजला. हारुन होता. तो इतका ओरडत होता की कठड्यावरच्या सगळ्यांना ऐकू आलं. नंदुरबारवर ढग आले होते, अर्धी पथारी उघडी होती, बाया ताडपत्र्या शोधत होत्या, आणि लोटनभाऊनं आहे तसं निघावं.

दगूबाईनं हात काढून घेतला. दरसाल असा फोन आला की हा माणूस ताटावरून उठून पळायचा. एकदा सासऱ्यांच्या तेराव्याच्या पंगतीतून पळाला होता. ती बाजूला सरकली, त्याला पायरी मोकळी करून दिली आणि वाट बघू लागली.

लोटननं आभाळाकडे पाहिलं. मग पायरीकडे. डबा पाठीवर कलंडला होता, तो त्यानं एका हातानं सरळ केला.

“हारुनले सांग, झाकी टाक म्हना,” तो धापा टाकत दोधूला म्हणाला. “जे भिजी ते भिजी. मी पाय मारी ऱ्हायनू.”

दगूबाईनं पुन्हा त्याच्या हनुवटीखाली हात घातला.