ओटिस घुबडाचा डबा

लॉर्ना वेस्टरगार्डच्या मते रेडिओलहरी केंद्राची वार्षिक बैठक म्हणजे नुसतं चर्चेचं गुऱ्हाळ होतं. आठ संस्थांची शहाणी माणसं फेब्रुवारीच्या थंडीत ओमाहाच्या हॉटेलात जमायची, पातळ कॉफी आणि गारढोण अंडी पोटात ढकलायची आणि पुढच्या वर्षी कोणतं संशोधन आधी करायचं ते ठरवायची. ठरवायची म्हणजे काय, तर जो तो आपल्याच पोळीवर तूप ओढायचा आणि त्याला देशहित म्हणायचा.

यंदा मात्र तूपच आटलं होतं. सरकारी पैसा कमी झालेला.

"मंडळी, पहिल्या दोन प्रकल्पांना पूर्ण पैसे," संचालक ब्रेंट केसिंजर प्रसन्न चेहऱ्याने म्हणाला. प्रसन्न चेहरा हीच त्याची पात्रता, असं लॉर्नाचं जुनं मत होतं. "बाकीच्यांनी एक वर्ष दम धरायचा."

लॉर्नाला दम धरणं परवडणारं नव्हतं. नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्यांत तिचा एक टॉवर एकोणीस वर्षं नुसता ऐकत उभा होता. फोन, विजेच्या तारा, डोक्यावरून फिरणारे उपग्रह, या सगळ्यांचा हवेतला गोंगाट किती वाढत चाललाय, याची नोंद त्याने एक दिवसही चुकवली नव्हती. पैसे थांबले तर जागेचा करार संपणार, टॉवर भंगारात जाणार. वर्षभराने नवा उभारता आला असता, पण नोंदीतलं भोक कोण बुजवणार?

गेल्या वर्षी भिंतीवर लावलेल्या प्रकल्पांच्या तक्त्यांवर ठिपके चिकटवून मतं घेतली, तर सगळे मेंढरांसारखे एकामागे एक त्याच तक्त्याकडे गेले. म्हणून यंदा प्रत्येक तक्त्याखाली कॉफीचा रिकामा पत्र्याचा डबा, त्याच्या झाकणाला चीर. प्रत्येक संस्थेच्या गटप्रमुखाला पत्त्यांच्या जुगारातल्या तीन चकत्या. एक स्वतःच्या डब्यात टाकायला परवानगी, उरलेल्या दोन दुसऱ्यांना द्यायच्या.

"लॉर्ना, माझ्या दोन तुला, तुझ्या दोन मला," हॉवर्ड टिबेट्स नाश्त्याच्या टेबलावर हळूच म्हणाला होता. तिचा जुना वर्गमित्र. दोन यंत्रांनी एकच लहर कशी वाटून घ्यावी, यावर त्याचं काम चालायचं. "आपण दोघं आत, बाकीचे गेले खड्ड्यात. काय?"

"चालेल."

"शब्द?"

"शब्द म्हटलं ना! अंडी खा."

पण चकत्या हातात आल्यावर तिने तक्ते पाहिले आणि तिची बुद्धी फिरली. हॉवर्डचं काम चांगलं होतं, हीच तर अडचण. चांगल्या कामाला इतरांचीही मतं पडणार. त्यात आपल्या दोन घातल्या की हा पुढे आणि आपण तिसरे. छे! या दोन चकत्या अशा ठिकाणी टाकायला हव्यात, जिथे त्या कुणाच्याच उपयोगी पडणार नाहीत.

अशी जागा समोरच होती. वेन्डेल ओक्सचा तक्ता. दोन वर्षांचे अभ्यासक्रम चालवणाऱ्या एका लहानशा कॉलेजातला हा पन्नाशीचा मास्तर. शाळांपर्यंत पोचलं पाहिजे अशी सरकारी अट होती, म्हणून त्याला केंद्रात घेतलेलं. त्याचा प्रकल्प म्हणजे ओटिस नावाचं कापडी घुबड. ते शाळाशाळांतून पोरांना सांगणार की हवेतल्या लहरी सगळ्यांच्या आहेत, गोंगाट करू नका. सकाळी वेन्डेलने ते हातात घालून सर्वांसमोर बोलतं केलं, तेव्हा लॉर्ना हॉवर्डच्या कानाशी लागून म्हणाली होती, "दोन घुबडं. खरं कोणतं ते ओळख," आणि दोघंही हसली होती.

तिने दोन्ही चकत्या घुबडाच्या डब्यात टाकल्या. पत्र्यावर आपटल्याचा आवाज आला नाही, खाली आधीच काहीतरी असल्यासारखा बोदा आवाज आला. जन्मभर आवाजच ऐकत आलेल्या बाईला ते कळायला हवं होतं. पण ज्याला आपण मोजतच नाही त्याचा डबा कोण कान देऊन ऐकतो?

ब्रेंटने डबे एकेक करून टेबलावर उपडे केले. सहा डब्यांतून एकेकच चकती पडली, ज्याची त्याने टाकलेली. लॉर्नाच्या डब्यातून तीन. आणि घुबडाच्या डब्यातून चकत्यांचा ढीग.

प्रत्येकाने तीच अक्कल लढवली होती, आणि ते प्रत्येकाला शेजाऱ्याच्या तोंडावर दिसत होतं. काय ही विद्वानांची जत्रा! ब्रेंटचा चेहरासुद्धा क्षणभर अप्रसन्न झाला. पण नियम त्याचाच होता. पहिलं घुबड, दुसरा टॉवर.

लॉर्नाचा जीव भांड्यात पडला आणि लगेच घशाशी आला. स्वतःची एक आणि वर दोन. म्हणजे हॉवर्डने शब्द पाळला होता.

हॉवर्ड आलाच. "माझ्या डब्यात एक निघाली, लॉर्ना."

"हॉवर्ड, मी..."

"राहू दे," तो जखमी आवाजात म्हणाला. "मी माझा शब्द पाळला. तुझं तू बघ."

तिची मान खाली गेली. चाळीस वर्षांची मैत्री आपण दोन प्लास्टिकच्या चकत्यांवर विकली, असं तिला वाटलं.

तेवढ्यात वेन्डेल घुबड बगलेत मारून लगबगीने आला. "प्रोफेसर, अभिनंदन! माझ्या दोन्ही तुमच्याच डब्यात टाकल्या हो. तुमचे सगळे अहवाल वाचलेत मी. ओटिसची कल्पना तिथूनच सुचली, तुमचा टॉवर घुबडासारखाच ऐकत बसतो ना!"

लॉर्नाने मान वर करून हॉवर्डकडे पाहिलं. हॉवर्डला एकाएकी कॉफी घ्यायची आठवण झाली.

"एक विचारू?" वेन्डेलचा आवाज खाली आला. "मला एवढ्या सगळ्या कुणी दिल्या हो? तुम्ही दिलीत का एखादी?"

"दोन," लॉर्ना म्हणाली. खोटं बोलायची सोयच नव्हती.

वेन्डेलचे डोळे भरून आले. त्याने तिचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. घुबड खाली पडलं, तरी त्याचं लक्ष नव्हतं.

"वाटलंच मला! सकाळी मागे कुणीतरी हसत होतं, मी ऐकलं. म्हटलं, असू दे. पण प्रोफेसर वेस्टरगार्ड हसणार नाहीत."

लॉर्ना घुबड उचलायला वाकली आणि गरजेपेक्षा जास्त वेळ वाकलेलीच राहिली.