दम गेला

रेडरकडं बघणाऱ्या माणसानं कव्हर निवडू नये, असं नरसिंग म्हणायचा. कबड्डीत सगळा हॉल चढाईला आलेल्या रेडरकडंच बघतो. टाळ्या त्याला, शिट्ट्या त्याला. कोपऱ्यातल्या पोरानं त्याचा घोटा धरला तर निदान कागदावर त्या पोराचं नाव तरी लागतं. पण रेडर घोटा झटकून निसटणार, एवढ्यात मधून कुणीतरी येऊन त्याच्या कमरेवर पडतो आणि त्याला तिथंच गाडतो. तो कव्हर. पॉइंट कोपऱ्याच्या नावावर जातो. कव्हर उठतो, जर्सी खाली ओढतो आणि आपल्या जागेवर जाऊन उभा राहतो.

नरसिंग तरुणपणी कव्हरच होता. मूळचा चाकूरकडचा, पण नांदेडच्या एका कॉलेजात पोरांना खेळ शिकवण्यात त्याची नोकरी सरली. निवृत्त झाल्यावर कबड्डीच्या मोठ्या लीगमधल्या एका संघानं त्याला कॉलेजची पोरं पारखायचं काम दिलं. यंदा संघाला मराठवाड्यातून एकच पोरगा हवा होता, डावा कव्हर. नाव त्याच संध्याकाळी कळवायचं होतं. डोळ्यासमोर दोघं होते. नांदेडच्या कॉलेजातला हरिओम आणि लातूरच्या कॉलेजातला संगमेश. त्या दिवशी लातुरात दोन्ही कॉलेजांचा सामना होता, म्हणजे दोघं एकाच मॅटवर बघायला मिळणार होते.

खरं तर त्यानं येऊ नये असं घरच्यांचं म्हणणं होतं. त्याची बायको सिंधु उन्हाळ्यात गेली होती. पण घरात बसलं की भिंती अंगावर यायच्या, म्हणून तो आला.

शेजारी आनंदराज बसला होता. संघानं पाठवलेला माणूस. एके काळी नरसिंगच्याच हाताखाली खेळलेला, आता पोट सुटलेला. कबड्डीतले सगळे नरसिंगला मामा म्हणायचे, तोही म्हणायचा.

"मामा, हरिओमची बॉडी बघा की. रेडरवर पडला तर म्हैस पडल्यागत वाटतं."

"म्हैस पडती चांगली. उठायला किती वेळ लावती ते बघ."

"तुमचं आपलं कायतरीच. अन् हा संगमेश? हा तर किराणा दुकानातला वाटतो."

"दुकानातलाच हाय. मुरुडला बापाचं दुकान हाय त्याच्या."

"मग साखर तोलू द्या की त्याला!"

"तू पण असाच होतास. आता तुलाच तोलायला काटा लागतो."

आनंदराज हसला आणि मोबाइलवर सामना टिपू लागला. नरसिंग पाय बघत होता. हरिओम उडी मारून पडायचा. उडी लागली की हॉल दणाणायचा, हुकली की रेडर त्याला शिवून परत जायचा. संगमेश उडी मारत नव्हता. त्याच्या टाचा मॅटला टेकत नव्हत्या. रेडर वळला की तो अर्धं पाऊल सरकायचा, नजर रेडरच्या कमरेवर. मिठी घातली की डोकं एका बाजूला वळवून कान रेडरच्या पाठीला चिकटवायचा. जुन्या लोकांची पद्धत होती ती. डोकं असं ठेवलं की तोंडावर कोपर बसत नाही. कुणी शिकवलं असेल याला, असं नरसिंगच्या मनात आलं. पहिला डाव संपता संपता त्याचं मन संगमेशवर बसलं होतं. फक्त एक गोष्ट बघायची राहिली होती. सामना अडला असताना, रेडरचा हात रेषेजवळ आला असताना, हा पोरगा धरून ठेवतो का.

दुसऱ्या डावात ती वेळ आली. पॉइंट सारखे झाले होते. नांदेडचा शिवम रेडला आला. सडपातळ, चपळ, पल्लेदार आवाजाचा पोरगा. त्याचा "कबड्डी कबड्डी" वरच्या पायऱ्यांपर्यंत ऐकू येत होता. त्या आवाजालाच दम म्हणतात. रेडरनं तो एका श्वासात चालू ठेवायचा. तुटला की बाद.

शिवमनं पाय टाकला आणि कोपऱ्यानं घोटा धरला. शिवम वळला, घोटा सुटत आला, आणि संगमेश मधून आला. कमरेला मिठी पडली. दोघं पालथे पडले. शिवमचा हात मधल्या रेषेकडं सरकत होता. वीतभर राहिली होती. दम चालूच होता, घोगरा, मॅटमध्ये दबलेला.

मग दम थांबला.

क्षणभरानं संगमेशनं मिठी सोडली. गुडघ्यावर उभा राहिला आणि पंचाकडं हात करून ओरडला, "दम गेला! दम गेला त्याचा!"

पंचानं शिट्टी मारली. बोट वर केलं. पॉइंट लातूरला. हॉल उसळला. लातूरची पोरं धावत आली आणि संगमेशच्या अंगावर पडली.

नरसिंगनं मांडीवर हात आपटला.

"सोडला! बघितलंस? शिट्टी व्हायच्या आधी सोडला. पोरगा हातातून गेला आपल्या."

"पण दम तर गेला होता की, मामा."

"पंचाला ऐकू आला नसता तर? रेषा वीतभर होती. शिट्टी होईस्तोवर धरायचं असतं, एवढं याला कळत न्हाई? कामाचा न्हाई."

संगमेश अजून ओरडतच होता. मिठ्या मारणाऱ्या पोरांना तो ढकलत होता, एकाच्या तर थोबाडीत बसली. पोरं हसत होती. त्यांना वाटलं, आनंदानं वेडा झाला. आनंदराजही हसला. "बघा, कसं नाचून राहिलाय!"

"अरे दम गेला त्याचा! दम! श्वास न्हाई त्याला!"

शिवम पालथाच होता. संगमेशनं त्याला उताणा केला. त्याचे डोळे उघडे होते, दोन्ही हात गळ्याशी, आणि ओठ पिकल्या जांभळासारखे झाले होते.

एवढ्या मोठ्या हॉलमधला आवाज एकदम बसला. नरसिंग उठून उभा राहिला. लातूरचे प्रशिक्षक बसवंत सर धावले. संगमेशनं शिवमला मागून उचललं, पोटाशी हातांची कडी घालून पुढं वाकवलं. कव्हर जशी धरतो तशीच. बसवंत सर तळव्यानं पाठीत हाणायला लागले. एक, दोन. काही नाही. संगमेशनं कडी आवळून वर हिसका दिला. पुन्हा हाणलं, पुन्हा हिसका. शिवमच्या तोंडातून काहीतरी उडून मॅटवर पडलं, आणि मग त्यानं श्वास ओढला. विहिरीत रिकामी घागर पडावी तसा आवाज आला. कुणीतरी रडायला लागलं. तो हरिओम होता. म्हशीएवढा हरिओम मॅटवर बसून लहान पोरासारखा रडत होता.

पडलेलं होतं ते ज्येष्ठमधाचं कांडकं. घसा कोरडा पडू नये म्हणून पुष्कळ रेडर गालात ज्येष्ठमध ठेवतात. नरसिंगनंच कितीतरी पोरांना ते सांगितलं होतं.

गाडी आली, शिवमला दवाखान्यात घेऊन गेली. सामना थांबवला. नरसिंग खुर्चीवर बसला तो बसूनच राहिला. आनंदराज पाण्याची बाटली घेऊन आला, ती त्यानं हातात धरली आणि तशीच ठेवली.

पोरगा मरत होता आणि मी म्हणालो, शिट्टीआधी सोडला.

त्याला नांदेडचा दवाखाना आठवला. सिंधुला सकाळी छातीत कळ आली म्हणून नेलं होतं. रिक्षात ती बोलत होती, दुधाचं पातेलं झाकलं नाही म्हणत होती. आत घेतलं. तो बाहेर बाकावर बसला. थोड्या वेळानं एक नर्स बाहेर आली आणि हळू आवाजात म्हणाली, "काका, गेल्या त्या." तो पटकन उठला आणि त्यानं विचारलं, "कुठं?" त्याला वाटलं, छातीचा फोटो काढायला दुसरीकडं नेलं असेल. कुठल्या मजल्यावर, असंही विचारलं. ती बिचारी नर्स त्याच्याकडं बघतच राहिली. आता तोच 'गेला' शब्द पुन्हा तसाच आला होता. सगळ्यांनी ऐकला, त्यानंही ऐकला, आणि पुन्हा त्याला कळला नाही.

दवाखान्यातून बसवंत सरांचा फोन आला. शिवम बरा आहे, घसा सोललाय, रात्रभर ठेवणार. आनंदराजनं "हाव, हाव" करत ऐकलं आणि फोन ठेवला.

"मामा, संघाला काय कळवू? दोनदा विचारलं त्यांनी. मी आपला हरिओमचं कळवतो."

"कामून?"

"तुम्हीच म्हणालात न्हाई का, संगमेश शिट्टीआधी सोडतो."

"मी काय म्हणालो ते राहू दे."

"राहू कसं दे? पोरगा देवमाणूस हाय, मान्य. पण संघाला देवमाणूस न्हाई लागत, कव्हर लागतो. तिकडं एवढा गोंगाट असतो, तिथं हा पाठीला कान लावून बसला अन् सोडत गेला तर आपल्या दोघांना हाकलतील."

नरसिंगला राग आला. पण आनंदराजचं चुकत नव्हतं. नरसिंग उठला आणि संगमेशला शोधायला गेला.

संगमेश हॉलच्या मागच्या नळावर हात धूत होता. साबण नव्हता, नुसतंच पाणी घेऊन चोळत होता.

"पोरा."

"सर." त्यानं नळ बंद केला नाही.

"तुला कळलं कसं?"

"कान होता ना सर पाठीला. दम तुटला की माणूस लगेच आत श्वास ओढतो. पाठ फुगते. ह्याची फुगलीच न्हाई. मी वाट बघितली, सर. थोडी वाट बघितली मी."

"बरं."

"बरं काय, सर? माझ्याच अंगाखाली होता तो. मीच दाबून धरलं होतं." त्यानं तळहात पुन्हा पाण्याखाली धरले. "माझं नाव काढून टाका तुम्ही. तुम्ही कशाला आलाव ते ठावं हाय मला. आता माझ्यानं कुणाला धरवायचं न्हाई."

नरसिंगनं नळ बंद केला. मग संगमेशचं मनगट धरलं आणि त्याला परत हॉलमध्ये आणलं. मॅटवर कुणी नव्हतं. त्यानं चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली.

"मामा, काय करून राहिलाव?" आनंदराज ओरडला. "साठीला आलाव! कंबर मोडून घ्याल!"

"तू पंच हो. गप उभा राहा."

"अहो पण..."

"संगमेश, तुझ्या जागेवर जा. मी येतो. मला धर."

"सर, नको."

"कबड्डी कबड्डी," नरसिंगनं सुरू केलं आणि तो रेषा ओलांडून गेला. पायात ताकद नव्हती, पण वळण अजून होतं. त्यानं डावीकडं टाकल्यासारखं केलं आणि उजवीकडं वळला. संगमेश अर्धं पाऊल सरकला. आपसूक सरकला. मिठी पडली, आणि पडता पडताच सुटली. नरसिंग चालत रेषेवर परत गेला.

"पुन्हा."

दुसऱ्यांदा संगमेशनं धरलंच नाही. हात पुढं केले आणि मागे घेतले.

"ऐक," नरसिंग धापा टाकत म्हणाला. "तू दाबलं म्हणून त्याचा श्वास न्हाई गेला. कांडकं अडकलं म्हणून गेला. तू धरलं होतंस म्हणून कळलं. कुणी धरलंच नसतं तर रेषेवर हात लावून तिकडं जाऊन पडला असता, अन् आम्ही सगळे टाळ्या वाजवत बसलो असतो. मी तर वाजवल्याच असत्या. धर आता."

तिसऱ्यांदा तो आत गेला. या वेळी संगमेश खाली वाकून आला आणि कमरेला कडी बसली. दोघं पडले. नरसिंगचा गाल मॅटवर आपटला. त्यानं हात रेषेकडं टाकला, सगळा जोर लावला. पोरगा हलला नाही. म्हाताऱ्या छातीतला दम कितीसा असणार? "कबड्डी" बारीक होत गेली, मग नुसते ओठ हलले, मग तेही थांबले. आनंदराजनं तोंडानं शिट्टी वाजवली.

संगमेशनं सोडलं नाही. त्याचा कान पाठीवर घट्ट दाबलेला नरसिंगला जाणवत होता. मग नरसिंगनं श्वास ओढला, त्याची पाठ फुगली, आणि कडी सुटली.

"झाली की शिट्टी!" आनंदराज म्हणाला. "शिट्टी झाल्यावर कशाला धरून ठेवलं म्हाताऱ्याला?"

"श्वास लागू दिला," संगमेश म्हणाला.

नरसिंग तसाच पालथा पडून होता. कंबर धरली होती. हॉलच्या दारातून संध्याकाळचं ऊन मॅटवर आलं होतं. आनंदराज मोबाइल हातात घेऊन त्याच्याजवळ उकिडवा बसला.

"मामा, लागलं का?"

"लागलं."

"उठवू?"

"आधी नाव पाठव."

"कुणाचं?"

"माझ्या कमरेला विचार," नरसिंग म्हणाला. "संगमेश, मुरुड. डावा कव्हर."